उचलून ठेवलेली राणी

१२ जून

दादा,

मायना काय लिहावा यात दोन कागद वाया गेले. 'प्रिय' लिहिणं खोटं झालं असतं. 'माननीय नियमप्रमुख' लिहिलं असतं तर ते तू खरं धरलं असतंस. म्हणून नुसतं दादा. हे नातं आहे, कौतुक नाही.

कागदावर लिहिते आहे, कारण तुझ्या कंपनीला पाठवलेली मेल तुझी मदतनीस उघडते आणि तिच्या प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक हसरा चेहरा असतो. मला हसरा चेहरा नको आहे.

काल तुझ्या कार्यालयाकडून आमच्या संयोजकांना दोन ओळी आल्या. तुमच्या पत्त्यांच्या खेळाच्या विभागीय स्पर्धेत, शेवटच्या सामन्यात, मी मुख्य पंच म्हणून दिलेला निर्णय तू फिरवलास. कारण असं दिलंस की, "धाडसी खेळीला न्याय मिळणे हाच 'पाताळगड'चा आत्मा आहे." मी लिफ्टच्या देखभालीच्या पुस्तिका लिहून पोट भरते. 'दोर तुटल्यास लिफ्टच्या आत्म्याला स्मरून वागावे' असं मी एखाद्या पुस्तिकेत लिहिलं तर मला दुपारच्या आत घरी पाठवतील. तुला मात्र टाळ्या मिळाल्या. खेळाडूंच्या गटावर लोक लिहितायत, नियमप्रमुख किती दिलदार आहेत. पत्त्यांच्या खेळात दिलदार पंच म्हणजे काय हे त्यांनाही माहीत नाही आणि तुलाही नाही.

सामन्याचा अहवाल तू वाचला असशील असं मी धरत नाही. तू फक्त नाव वाचलंस. म्हणून सांगते.

आमच्याकडच्या एका दंतवैद्याच्या समोर खारू खेळत होती. (खारू म्हणजे तुझी मुलगी. ही आठवण करून द्यावी लागू नये, पण खबरदारी घेतलेली बरी.) दंतवैद्याच्या बाजूने पटावर मौनराणी होती. म्हणजे खारूचे पटावरचे सगळे पत्ते मुके, त्यांच्यावर जे काही लिहिलंय ते लागू नाही. खारूने बहुरूपी काढला आणि त्याला मौनराणीचंच रूप दिलं. रूप घेताना पत्ता अजून हातात असतो, म्हणून समोरच्या राणीचा त्याच्यावर अंमल नाही. इथवर कुणाचाच वाद नव्हता. आता दोन राण्या समोरासमोर, दोघी एकमेकींना गप्प करायला टपलेल्या. अशा वेळी जी पटावर आधी आली, तिचं चालतं. धाकटीने गप्प बसायचं. दंतवैद्याची राणी थोरली, खारूची धाकटी.

मग तिने 'झुळूक' खेळली. तो मंत्र आहे. मंत्र हातातून खेळतात, पटावर बसत नाहीत, त्यामुळे राणी त्यांना अडवू शकत नाही. झुळूक समोरच्याला त्याचा एक पत्ता उचलायला लावते आणि लगेच परत ठेवायला लावते. एरवी या मंत्राला कुणी विचारत नाही, नव्या पत्त्यांच्या पाकिटात निघाला की लोक तोंड वाकडं करतात. खारूने दंतवैद्याला राणी उचलायला लावली. त्याने उचलली, ठेवली. खारू म्हणाली, "आता माझी थोरली."

सगळा डाव या एका प्रश्नावर येऊन थांबला. उचलून ठेवलेली राणी थोरलीच राहते, की धाकटी होते? धाकटी झाली तर खारू त्याच फेरीत जिंकते आणि तुमच्या शहरात, अंतिम स्पर्धेत खेळायला जाते. थोरलीच राहिली तर दंतवैद्य जातो.

मी सांगितलं, थोरलीच राहते. उचलणं आणि ठेवणं ही एकच क्रिया आहे, मध्ये काळ जात नाही, वय बदलत नाही. खारू म्हणाली, "आत्या, पण पुस्तकात..." मी हात वर केला. ती गप्प झाली, आणि थोड्याच वेळात हरली.

तुझ्या मनात येण्याआधी मीच विचारते. ती माझी भाची म्हणून मी मुद्दाम कडक वागले का? दुसरा पंच तापाने घरी पडला होता, संयोजक म्हणाले तुम्हीच बसा, मी बसले. बसू नये असं तेव्हाही वाटलं होतं. पण निर्णय देताना मला नातं आठवलं नाही, नियम आठवला. इतका स्वच्छ आठवला की पुस्तक उघडायची गरजही वाटली नाही. तुझं नेमकं उलट झालं. तुला नियम आठवला नाही, मुलगी आठवली. तीही इतक्या वर्षांनी.

निर्णय मागे घे, नाहीतर नियमाचा क्रमांक दे. आत्मा नको.

तुझी बहीण

२० जून

दादा,

तुझं उत्तर फोनवर आलं. "छोटी, शांत हो! खेळच आहे शेवटी. खारूला म्हणावं बाबा वाट बघतोय. विमानतळावर मी स्वतः घ्यायला येणार." पुढे एक पिवळा अंगठा.

खेळच आहे शेवटी. असं कोण लिहितं, तर ज्याला त्याच खेळाचा पगार मिळतो तो. लिफ्टच आहे शेवटी, असं म्हणणाऱ्या माणसाबरोबर मी पहिल्या मजल्यावरसुद्धा जाणार नाही.

तरी निरोप पोचवला. निरोप पटत नाही म्हणून तो खिशात ठेवायचा मला अधिकार नाही. वहिनी इस्त्री करत होत्या. खारू जमिनीवर बसून पत्ते लावत होती, दातांत रबरबँड धरून.

"कुठला विमानतळ?" वहिनींनी इस्त्री न थांबवता विचारलं. "मागे एकदा बसस्टँडवर येणार होते घ्यायला. आम्ही तिथल्या बाकावर बसून बसून तिथलेच झालो होतो. चहावाला उधार द्यायला लागला."

खारूने रबरबँड तोंडातून काढला. "आत्या, तू एक सांग. मी जिंकले का हरले?"

"माझ्या मते हरलीस."

"मग हरले. मला ती जागा नको."

"अगं, पण कंपनीने रीतसर कळवलंय."

"कंपनीने नाही, बाबाने कळवलंय. इतकी वर्षं वाढदिवसाला साधा फोन नाही, आणि आता एकदम अख्खी स्पर्धा भेट? परत घे म्हणावं. दुकानात घेतात, बिल असेल तर."

"बिल माझ्याकडे आहे," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी शर्टाची कॉलर उलटी केली.

खारू हे सहज बोलली असं समजू नकोस. सकाळी कॉलेज, संध्याकाळी शिकवण्या, आणि उरलेला सगळा वेळ ही पोरगी त्या पत्त्यांत डोकं घालून बसते. झुळूक मौनराणीवर वापरायचं कुणाच्या स्वप्नात आलं नसतं, तिने ते शोधून काढलं. ती जागा तिला किती हवी आहे हे मला तिच्या मानेवरून कळत होतं. मान खाली होती आणि वर येत नव्हती.

मला अभिमान वाटला. तुझ्या अंगठ्याला यापेक्षा चांगलं उत्तर नव्हतं. मग त्या अभिमानाचीच मला शंका यायला लागली. ती जागा सोडत होती ती माझ्या शब्दावर. तुझ्यावर तिचा विश्वास नाही म्हणून माझ्यावर आहे, आणि या गोष्टीची मला गोडी वाटते आहे की काय? वाटते. लिहून ठेवते.

तू क्रमांक अजून दिलेला नाहीस. देणारही नाहीस. नियमप्रमुखाला नियम शोधायला लावणं म्हणजे हॉटेलच्या मालकाला कप विसळायला सांगण्यासारखं झालं.

तुझी बहीण

२९ जून

दादा,

हे पत्र लिहिणं मला जड जातंय, आणि ते वाचताना तू खूश होशील म्हणून जास्तच जड.

मी दंतवैद्याकडे गेले होते. खारू जागा सोडणार म्हणजे ती त्याला मिळायला हवी, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. तो हात धुवत होता. सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसता पुसता म्हणाला, "मॅडम, रागावू नका. पण मी तर हात पुढे केला होता."

"कसला हात?"

"अभिनंदनाचा. मला वाटलं, आपलं संपलं. पट सोडून आलेला पत्ता नवा धरतात ना? मी आपलं पुस्तक वाचून शिकलोय, मला घरी कोण शिकवणार? म्हटलं तुम्हाला काहीतरी वरचं माहीत असेल."

"मग बोलला का नाहीत?"

"पंच माझ्या बाजूने चुकत असताना?" तो हसला. दात अर्थातच उत्तम आहेत. "मॅडम, मी दात काढतो. पण लोकांचे. स्वतःचे नाही."

असा माणूस अंतिम स्पर्धेला जाणार होता, माझ्या निर्णयामुळे. मी त्याच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून पुस्तक उघडलं. नियम एकेचाळीस: 'पट सोडून परतलेला पत्ता नवा समजावा. त्याचे आधीचे वय व जखमा धरू नयेत.' एकच क्रिया असो की दोन, मध्ये काळ जावो न जावो. राणी हातात गेली, परत आली, नवी झाली. खारूची थोरली झाली. खारू जिंकली होती.

मग मला एवढा स्वच्छ आठवलेला नियम कुठला?

सगळं पुस्तक चाळलं. फोनवर जुन्या आवृत्त्या चाळल्या. कुठेच नाही. बसमध्ये बसल्यावर आठवलं, आणि मी उतरायचं ठिकाण चुकले.

आपल्याकडे टेबल एकच होतं. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आपण 'पाताळगड'चे पहिले पत्ते केले होते, त्यावर तू चेटकिणी काढायचास आणि मी त्यांची कामं लिहायचे. डाव ऐन रंगात आला की आई ताटं घेऊन यायची आणि म्हणायची, "उचला तो पसारा." सगळे पत्ते उचलायचे, जेवायचं, पुन्हा मांडायचे. मग कुठला आधीचा, कुठला नंतरचा यावरून आपली इतकी भांडणं व्हायची की शेवटी तूच ठरवलंस: उचलून ठेवलेला पत्ता जागेवरच होता असं धरायचं, वय बदलायचं नाही. तो नियम जेवणाचा होता. जगात तो दोनच माणसांना माहीत आहे. त्यातल्या एकाने तो छापील पुस्तकात घेतलाच नाही, आणि दुसरीने शंभर माणसांच्या सभागृहात गळ्यात पंचाची पट्टी घालून तो लागू केला.

तर मी चुकले. संयोजकांना तसं लिहून दिलं, क्रमांकासकट, आणि पट्टी परत केली. खारू "पण पुस्तकात" म्हणाली तेव्हा मी हात वर केला, हेही लिहिलं. ते लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहिलं का, हा प्रश्न मला पडला, पण खोडलं नाही.

आता तुझ्याबद्दल. तू बरोबर निर्णय दिलास आणि तो बरोबर का आहे हे तुला माहीत नाही. नियम एकेचाळीस तू लिहिलास, तुझ्याच सहीखाली छापलेला आहे, आणि तुझ्या मुलीला तो हवा होता तेव्हा तो तुला सुचला नाही. सुचला तो आत्मा. माझी चूक निदान चूक तरी आहे, ती दाखवता येते, दुरुस्त करता येते. तुझं बरोबर असणं हा अपघात आहे. त्याचं काय करायचं?

बहीण

८ जुलै

दादा,

खारूला सांगितलं. ती उभीच होती, बसली नाही.

"म्हणजे मी जिंकले होते."

"हो."

"आणि मी सांगत होते तेव्हा तू हात वर केलास."

"हो."

"त्याने न वाचता जिंकवलं, तू न वाचता हरवलंस. ते पुस्तक घरात फक्त मीच वाचायचं का? तुम्ही दोघं ना, आत्या, खरोखर भाऊबहीण आहात."

इतकं जिव्हारी लागेल असं मला आजवर कुणी बोललेलं नाही. वहिनी आतून येत म्हणाल्या, "मी हे लग्नानंतर लगेच ओळखलं होतं," पण त्या निदान माझ्यापुढे चहाचा कप ठेवत म्हणाल्या.

मला वाटलं, आता प्रश्न सुटला. जिंकलीस, जा. खारू म्हणाली, असं कसं? कागदावर तर अजून आत्माच आहे. "उद्या तिथे माझ्यासमोर बसणारा म्हणेल, हीच ना ती, बापाने पाठवलेली. मी काय सांगू? की बाप चुकून बरोबर होता?"

आणि त्याच संध्याकाळी तुझा नवा निरोप आला. "सरप्राइज! खारूच्या टेबलावर मी स्वतः पंच बसणार. फोटो भारी येतील."

मी तो तिला वाचून दाखवला. तिने फोन माझ्या हातातून घेतला, टेबलावर पालथा ठेवला आणि खोलीत निघून गेली.

तुझ्या पुस्तकात पंचाच्या पट्टीचा रंग कोणता असावा यावर अर्धं पान आहे. पंचाच्या नात्यावर एक ओळ नाही. ती असती तर मी त्या टेबलावर बसले नसते आणि तू त्या दोन ओळी लिहिल्या नसत्यास. म्हणून मी लिहून पाठवते आहे, भाषा तपासलेली आहे, तुला फक्त छापायचं आहे: 'खेळाडूच्या रक्ताच्या वा लग्नाच्या नात्यातील व्यक्तीने त्याच्या टेबलावर पंच म्हणून बसू नये व त्याच्या सामन्याविषयीची तक्रार ऐकू नये.'

हा नियम मागच्या सामन्यालाही लाव. माझा निर्णय रद्द, तुझाही रद्द. अहवालावरची नावं झाकून तो आमच्या तापवाल्या पंचाला दे. त्या दिवशी तो घरी होता, दोघांपैकी कोण कोण हे त्याला माहीत नाही, आणि गटावरच्या गप्पा तो वाचत नाही, कारण त्याच्या मते तिथे सगळे गाढव आहेत. तो जो निकाल देईल तो खारूला मान्य आहे. तिने मला तसं लिहायला सांगितलं आहे.

तू म्हणशील, जागा तिच्याच हातात आहे, कशाला धोका घ्यायचा? तापवाला पंच चुकला तर? चुकू शकतो. मी नियम पाठ असूनही चुकले. खारूलाही हे मी विचारलं. ती म्हणाली, "हरले तर नियमाने हरेन. सध्या मी जिंकलेय ती वशिल्याने."

हे तुला कळणार नाही, पण करता येईल. करण्यासाठी कळायची गरज नसते, हे तू सिद्ध केलंच आहेस.

बहीण

२ ऑगस्ट

दादा,

तुझ्या कंपनीचं निवेदन छापून आलं. वाचलं. माझी चूक त्यात साग्रसंगीत आहे, वर केलेल्या हातासकट. तुझी 'तांत्रिक कारणास्तव फेरविचार' या तीन शब्दांत आहे. मी तुझ्यासाठी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, 'नियमप्रमुखांनी स्वतःचा नियम न पाहता निर्णय दिला.' तेवढंच गळलं. नात्याचा नियम मात्र तू शब्दशः छापलास, एक स्वल्पविराम न हलवता. आपला मजकूर कुणी बिघडवला नाही की मी विरघळते, हे तुला अजून आठवतं असं दिसतं. मी विरघळले नाही. किंचित.

तापवाल्या पंचाचा निकाल एका ओळीचा आहे. 'नियम ४१. उचललेली राणी नवी. खेळाडू ब विजयी.' पाठवल्यावर त्याने मला फोन केला. "ब कोण आहे हो? डोकेबाज आहे." मी म्हटलं, निकाल जाहीर होईपर्यंत सांगता येत नाही. तो म्हणाला, "मी नाव विचारत नाहीये. म्हातारा माणूस असेल ना? झुळूक वापरणारा म्हणजे म्हातारा." मी गप्प राहिले. गप्प राहणं मला सामन्यातही कधी इतकं अवघड गेलं नव्हतं.

खारूने ती ओळ उभ्या उभ्या वाचली. मग पुन्हा वाचली. "बघ," म्हणाली, "एवढंच लिहायचं होतं. तुम्हाला दोघांना मिळून दोन महिने लागले." मग ती आरशासमोर जाऊन उगाचच केस बांधू लागली, आणि वहिनी म्हणाल्या, "रडायचं असेल तर रड, मी बाहेर जाते." ती रडली नाही. दंतवैद्याने फोन करून अभिनंदन केलं आणि दात फुकट साफ करून द्यायची तयारी दाखवली. खारूने त्याला सांगितलं, माझे स्वच्छ आहेत.

तर ती येते आहे. मीही येते आहे, कारण तिने सांगितलं, "आत्या, तू चल, पण तोंड उघडायचं नाही." आम्ही स्पर्धेच्या वसतिगृहात उतरू. विमानतळावर येऊ नकोस. तुला भेटायचं की नाही, हे ती सगळे सामने संपल्यावर ठरवणार आहे. काय ठरवणार ते मी विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस, आणि माझ्यामार्फत तर मुळीच नको, अंगठे मी यापुढे पोचवणार नाही.

नव्या नियमाप्रमाणे तिचा सामना चालू असताना तुला टेबलाजवळ येता येणार नाही. पंचांच्या चौथऱ्यावरही बसता येणार नाही, कारण तिथून तक्रारी ऐकल्या जातात. दोरीच्या मागे प्रेक्षकांच्या खुर्च्या असतात, तिथे बस. मी संयोजकांना दोन खुर्च्या राखून ठेवायला सांगितल्या आहेत, शेजारी शेजारी. त्यांनी विचारलं, कुणाच्या नावाने? मी सांगितलं, नातेवाईक.

ती कदाचित चूक करेल आणि ती आपल्या दोघांनाही एकदम दिसेल. तेव्हा ना तुला काही बोलता येईल, ना मला. मला ते जमेल, सवय आहे. तुला जमतं का, ते मी शेजारी बसून बघणार आहे.

छोटी